‘पोतेसदृश वस्तू’बाबत व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या वस्तूबद्दल खुलासा आणि गच्चीच्या किल्लीची मागणी.
संदर्भ: लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेली, छायाचित्र आणि लाल बाण असलेली आपली सूचना.

महोदय आणि महोदया,

सविनय निवेदन असे की, घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सकाळी ब इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या गॅलरीच्या कठड्यावर ‘एक जुनाट, मालकी अस्पष्ट असलेली पोतेसदृश वस्तू लोंबकळत असल्याचे’ आपल्या निदर्शनास आले, त्या वस्तूमुळे इमारतीच्या नव्या रंगाची शोभा जाते असे आपले मत झाले, आणि ती तीन दिवसांत न हटविल्यास दररोज शंभर रुपये दंड आकारून ती भंगारात जमा करण्यात येईल, अशी सूचना आपण सचित्र प्रसिद्ध केली. छायाचित्रावर लाल बाण काढलेला असल्याने सदनिका क्रमांक न लिहिण्यातला आपला सभ्यपणा वाया गेला आहे. दूधवाल्यापासून पहिलीतल्या मुलांपर्यंत सर्वांना ती गॅलरी कोणाची हे आता ठाऊक झाले असल्यामुळे मीही माझे उत्तर बंद पाकिटात न देता त्याच फलकावर, आपल्या सूचनेच्या शेजारी लावण्याचे ठरविले आहे. टाचण्या मी माझ्या आणल्या आहेत.

दंडाविषयी मी शेवटी लिहीन. माझी मुख्य हरकत ‘पोतेसदृश’ या शब्दाला आहे. ती वस्तू पोते नसून गोधडी आहे. आमच्या कराडकडे तिला वाकळ म्हणतात आणि मी घरात तिला वाकळच म्हणतो. परंतु आपल्या समितीत विदर्भापासून कोकणापर्यंतचे सदस्य असल्यामुळे या पत्रापुरता सर्वांना कळेल असा गोधडी हाच शब्द वापरतो. ती माझ्या आजीने १९८२ च्या उन्हाळ्यात शिवली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. म्हणजे ती आपल्या इमारतीपेक्षा चांगली बावीस वर्षांनी मोठी आहे, आणि तेवढ्या अवधीत इमारतीला तीन वेळा रंग द्यावा लागला असून गोधडीला तो एकदाही द्यावा लागलेला नाही.

गोधडी कशी होते हे समितीतील तरुण सदस्यांनी पाहिलेले नसेल असे धरून थोडे विस्ताराने लिहितो. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, आजच्या मापात आठ मीटरहून थोडे अधिक. ते मध्यभागी विरले, की दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग एकमेकांना जोडून एक वापरते लुगडे करीत, त्याला दांड घालणे म्हणतात. दांड घातलेले लुगडेही विरले, की त्याचे जुनेर होते, आणि जुनेराला त्यानंतर एकच बढती उरलेली असते. नऊ वारांची चार पदरी घडी घातली, तर सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट लांबीची, मोठ्या माणसाची गोधडी होते. सहा पदरी घातली, तर दीड वार, म्हणजे साडेचार फूट लांबीची, लहान मुलाची. आजीने सहा पदरी घातली. खाली अस्तराला मांजरपाट घातला, वर घरातल्या एकेकाच्या कपड्यांतून निघालेली ठिगळे मांडली, आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन असा धावदोरा घालीत मध्याकडे यायचे काम सुरू झाले.

हे काम दुपारची जेवणे आटोपल्यावर पडवीत चाले. एका कडेला आजी, दुसऱ्या कडेला शेजारच्या दोघी, आणि मधोमध मी बसलेला असे. शिवताना सहा पदर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून वर काही वजन ठेवावे लागते, आणि पाटा-वरवंट्यापेक्षा मी उचलायला सोपा होतो. टाके माझ्या जवळ आले, की आजी सुई तोंडात धरून मला दोन्ही हातांनी एक वीत पुढे सरकवीत असे, आणि मी त्याच मांडीवर, तसाच, पुढच्या ठिगळावर जाऊन बसत असे. अकरा-बारा दिवसांनी मधला हातभर चौकोन उरला तेव्हा मला उठविण्यात आले आणि माझी नोकरी संपली. गोधडीच्या बांधकामात माझा असा प्रत्यक्ष सहभाग असल्यामुळे ‘मालकी अस्पष्ट’ हा आपला आक्षेप निदान अर्धा तरी येथेच निकाली निघावा. उरलेल्या अर्ध्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

आता तिच्यावर काय काय आहे ते सांगतो, कारण पोते आणि गोधडी यांतला फरक तिथेच आहे. पोते सगळीकडून सारखेच असते. गावाकडे जमिनीला जसा सातबारा असतो तसा आमच्या घराचा सातबारा ही गोधडी आहे; कोणते ठिगळ कोणाच्या नावावर आहे हे विचारले, तर मी अंधारातही हात फिरवून सांगू शकतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात आजीच्या इरकली लुगड्याचा लाल-पांढरा पदर आहे. त्याच्या खाली आजोबांचा गुलाबी पटका आहे, जो आता कांद्याच्या सालीच्या रंगावर आला आहे. मधोमध थोरल्या आत्याचा निळा परकर आहे. आत्या आज सत्तरीच्या पुढे आहे, परंतु आमच्याकडे आली, की ती आधी गोधडीची घडी उलगडून तो परकर शोधते आणि ‘चांगला होता, आईनं उगाच फाडला’ असे म्हणून मगच पाण्याचा पेला हातात घेते. बेचाळीस वर्षांहून जुनी ही तक्रार आजतागायत प्रलंबित आहे, आणि आपल्या समितीकडील कोणत्याही तक्रारीपेक्षा, अगदी पाण्याच्या टाकीच्या गळतीपेक्षाही, ती जुनी आहे.

अस्तराचा मांजरपाट माझ्या चुलत्यांनी आणला होता. ते मुंबईला गिरणीत होते आणि दर दिवाळीला कापडाचा एक तागा काखेत मारून गावी येत. हा मांजरपाट १९८१ च्या दिवाळीतला. पुढच्या जानेवारीच्या १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्याकडे दिवाळीला चुलते येत राहिले, तागा आला नाही. नंतर आजीने दोनदा गोधडीला खालून नवे जुनेर लावले, त्यामुळे तो मांजरपाट आता आतल्या थरांत गेला आहे. परंतु कड जरा उचलून पाहिली, तर त्याची पांढरी किनार अजून दिसते.

उजव्या बाजूचे खाकी ठिगळ माझ्या शाळेच्या चड्डीचे आहे, आणि त्याबाबतीत आजीने एक चूक केली, किंवा कदाचित मुद्दाम केली: तिने चड्डीचा खिसा उसवलाच नाही. ज्या पांघरुणाला खिसा आहे असे पांघरूण आपल्यापैकी कोणाकडे असल्यास कळवावे. त्या खिशात मी झोपताना चिंचोके, गोट्या आणि एकदा जिवंत सोनकिडा ठेवीत असे. १९८४ साली थोरल्या भावाच्या नजरेतून वाचविण्यासाठी मी त्यात ॲल्युमिनियमचे, कातरलेल्या कडेचे दहा पैशांचे नाणे ठेवले आणि विसरलो. त्याच उन्हाळ्यात चड्डीचा तो भाग फाटत आल्यामुळे आजीने खिशावर दुसरे ठिगळ लावून चारही बाजूंनी टाके घातले, आणि नाणे कायमचे ठेव म्हणून जमा झाले. मला आठवण झाली तेव्हा मी रडलो, पण आजीने सांगितले, की टाके उसवायला लागणाऱ्या वेळाची मजुरी दहा पैशांहून जास्त होते. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. ते नाणे आत शिवलेले असल्यामुळे त्याला या निर्णयाची कल्पना नाही. अजून बोटाने चाचपले, की ते जागेवर असल्याचे कळते, आणि मला झोप न येणाऱ्या रात्री मी ते चाचपतो, हे मी आपल्याला केवळ पत्राच्या प्रामाणिकपणासाठी सांगत आहे. कृपया इतिवृत्तात नोंदवू नये.

प्रामाणिकपणाचाच विषय निघाला आहे, तर आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उजव्या खालच्या कोपऱ्यात, वीतभर लांब आणि तितक्याच रुंद जागेत, गावातल्या बेकरीतून आणलेल्या मैद्याच्या सुती पोत्याचे कापड आहे. तेवढ्या भागापुरती आपली सूचना सत्य आहे, हे मी लेखी कबूल करतो. त्यावर पूर्वी निळ्या शाईत वजन छापलेले होते. आता आकडे पुसले गेले असून फक्त ‘किलो’ हा शब्द उरला आहे. दुर्दैवाने आपले छायाचित्र ज्या कोनातून घेतले आहे त्यात नेमका हाच कोपरा पुढे आला आणि इरकलीचा पदर कठड्याच्या आतल्या बाजूस राहिला. माणसाचे ओळखपत्रावरचे छायाचित्र पाहून त्याच्या घराण्याविषयी मत बनवू नये, एवढेच मी म्हणेन.

आता, साडेचार फुटांच्या गोधडीत पाच फूट आठ इंचांचा गृहस्थ झोपतो कसा, ही शंका आपल्या मनात आली असेल, कारण आमच्या घरातही ती वरचेवर येते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्याने केली त्याचे वाढीचे वय उलटून गेलेले असावे. बाराव्या वर्षी माझे घोटे बाहेर आले, पंधराव्या वर्षी पोटऱ्या, आणि अभियांत्रिकीला पुण्यात आलो तेव्हा वसतिगृहात माझ्या वळकटीतून ती निघालेली पाहून शेजारच्या खाटेवरच्या मुलाने हे कमरेला गुंडाळायचे, की डोक्याला बांधायचे, असे गंभीरपणे विचारले. (डिसेंबरात मात्र तोच मुलगा रात्री अकरानंतर ती ‘फक्त दहा मिनिटे’ मागायला येत असे.) तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे: गोधडी हनुवटीपासून गुडघ्यांपर्यंत, त्याखाली लोकरी मोजे, आणि मध्ये जो वीतभर प्रदेश उघडा राहतो त्याच्याकडे दुर्लक्ष. घरात दोन रजया आणि एक परदेशी बनावटीचे, ढगासारखे हलके पांघरूण आहे. त्या ढगाखाली मी झोपून पाहिले. अंगावर काही आहे असे वाटतच नाही, आणि पांघरुणाने निदान तेवढे तरी वाटू द्यावे.

‘अशा वस्तूंची योग्य विल्हेवाट लावावी अथवा त्या ड्रायक्लीनिंगला द्याव्यात’ असा सल्ला आपल्या सूचनेच्या तळाशी आहे. दोन्ही उपाय करून झालेले आहेत.

विल्हेवाटीचा प्रयत्न आमच्याच घरातून झाला. काही वर्षांपूर्वी दारावर बोहारीण आली असता माझ्या पत्नीने तीन पँटी, दोन साड्या आणि ही गोधडी असा ढीग तिच्यापुढे मांडला. बोहारणीने साड्या उलगडून उजेडाकडे धरून पाहिल्या, पँटींच्या गुडघ्यांवरून हात फिरवला, आणि गोधडी मात्र न पाहताच अंगाखाली ओढून, तिच्यावर ऐसपैस बसून, पुढचा व्यवहार सुरू केला. त्या बैठकीत साड्या आणि पँटींना मिळून स्टीलचे पातेले ठरले. गोधडीबद्दल चहाची गाळणी देण्यास ती तयार झाली, पत्नीने गाळणीवर एक सोलाणे मागितले, आणि मी योगायोगाने कार्यालयातून लवकर परत आलो तेव्हा सौदा सोलाण्यावर अडलेला होता. आमच्या स्वयंपाकघरात आजही धड सोलाणे नाही, आणि त्याचे कारण मला आठवड्यातून दोनदा ऐकविले जाते.

ड्रायक्लीनिंगचाही अनुभव आहे. दुकानातल्या मुलाने पावतीवरच्या छापील यादीवरून शर्ट, साडी, शालू, ब्लेझर, पडदा, ब्लँकेट, गालिचा असे बोट खालपर्यंत नेले, पुन्हा वर आणले, आणि शेवटी ‘इतर’ या रकान्यात ‘जाड कापड, नग १’ असे लिहून, फाटल्यास दुकान जबाबदार नाही या वाक्याखाली माझी सही घेतली. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा तिला रॉकेलच्या डब्यासारखा वास येत होता, आणि तो जाण्यासाठी तिला तीन दिवस उन्हात घालावी लागली. घरच्या धुलाई यंत्राचा प्रयोगही एकदा झाला. बॅगा तोलायच्या काट्यावर गोधडी कोरडी असताना दोन किलो आठशे ग्रॅम भरते, त्यामुळे साडेसहा किलोच्या यंत्राला ती सहज झेपेल असे गणित होते. परंतु आठ-दहा थरांचे सुती कापड किती पाणी धरून ठेवते याचा विचार गणितात नव्हता. पिळण्याची फेरी सुरू होताच यंत्र थडथडले, जागा सोडून न्हाणीघराबाहेर निघाले आणि नळी पुरली तितके अंतर चालून येऊन दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी थांबले. तेव्हापासून मी तिला मोठ्या टबात घालून पायांनी तुडवितो, जसे आम्ही गावी करीत होतो.

गावी ते कृष्णेच्या काठी होत असे. घट बसायच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुतलेच पाहिजे असा नेम असल्यामुळे भाद्रपद संपता संपता सगळे गाव गोधड्यांची ओझी घेऊन नदीवर लोटे. बायका सोडा घालून भिजवीत, आम्ही पोरे तुडवीत असू, मग दोघी-तिघी दोन टोके धरून पीळ घालीत, आणि दुपारपर्यंत काठावरच्या खडकांवर, बाभळींवर, बैलगाडीच्या जुवांवर सगळीकडे रंगीबेरंगी गोधड्या पसरलेल्या असत. आपल्या छायाचित्राच्या कोपऱ्यात तारीख उमटली आहे ती कृपया पुन्हा पाहावी. मी त्या रविवारी इमारतीचा अवमान करण्यासाठी बाहेर आलो नव्हतो. मी नेम पाळत होतो. पहिला तासभर तिचे पाणी दुसऱ्या मजल्यावर ठिबकले हे मात्र खरे आहे. ते तेथील तुळशीत पडत होते, आणि तुळशीकडून तक्रार आलेली नाही, परंतु तुळशीच्या मालकांची मी या पत्राद्वारे क्षमा मागतो.

उन्हाला पर्याय का नाही, हेही थोडक्यात सांगतो. गोधडीची ऊब कापडाची कमी आणि थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची जास्त असते. पावसाळ्यात सुती थर दमटपणा ओढून घेतात, एकमेकांना चिकटून बसतात, मधली हवा निघून जाते, आणि मग गोधडी जड, गार होते व तिला कुबट वास येऊ लागतो. पाऊस उघडल्यावरच्या कडक उन्हात ती दोन तास घातली, मधून उलटली आणि काठीने चार रट्टे दिले, की थर पुन्हा फुगतात, ओल उडून जाते आणि ढेकणांना थारा राहत नाही. माझ्या गॅलरीत ऊन सकाळी नऊ ते साडेअकरा एवढेच येते आणि तेही फक्त कठड्यावर. आत फरशीवर ते पडतच नाही, कारण वरच्या सदनिकेची गॅलरी बाहेर आलेली आहे आणि तो नकाशा मी मंजूर केलेला नाही. खरी जागा गच्चीची. पण सौरबंब बसविल्यापासून काचेच्या नळ्यांना धोका पोहोचेल म्हणून गच्चीला कुलूप आहे, किल्ली सचिवांकडे आहे, आणि सचिव सकाळी नऊ ते साडेअकरा फिरायला गेलेले असतात. ज्या सूर्यावर संस्था सत्तावीस बिऱ्हाडांचे अंघोळीचे पाणी तापविते त्याचा माझ्या वाट्याचा तुकडा मी मागतो आहे.

शोभेचा मुद्दा आपण काढला आहे म्हणून एक निरीक्षण नोंदवितो. प्रवेशद्वाराजवळ, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, गेल्या वर्षी संस्थेच्या निधीतून एका प्रदर्शनातून आणलेली कापडाची एक चौकट लावली आहे. काच आहे, मागे दिवा आहे, आणि ‘स्पर्श करू नये’ अशी पाटीही आहे. मी ती जवळून पाहिली. लहान लहान जुन्या कापडांचे तुकडे, एकावर एक, धावदोऱ्याने शिवलेले. बंगालमध्ये अशा कामाला कांथा म्हणतात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया करतात त्याला कवंदी म्हणतात, आणि आपल्या संस्थेत ते काचेमागे असेल तर कला आणि कठड्यावर असेल तर पोते म्हणतात. मराठवाड्यातल्या सदस्यांना अंबाजोगाईची पासोडी ठाऊक असेल. दासोपंतांनी आपले ‘पंचीकरण’ पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर लिहिले, आणि ती चारशे वर्षांनंतरही तेथे जपून ठेवलेली आहे. माझ्या गोधडीवर ‘किलो’ या एका शब्दाखेरीज काही लिहिलेले नाही, त्यामुळे तिची त्या पासोडीशी बरोबरी करण्याचा माझा इरादा नाही. परंतु तीन दिवसांत हटविण्याची सूचना तिकडे कोणी लावली नाही, ही गोष्ट बरी झाली, एवढे आपणही मान्य कराल.

आता मालकीचा उरलेला अर्धा भाग. संस्थेतली सदनिका विकायची झाली, तर आपण सर्व वारसांची ना हरकत प्रमाणपत्रे मागता, आणि ते योग्यच आहे. त्याच न्यायाने ही गोधडी भंगारात जमा करण्यापूर्वी आपणास माझे वडील, चुलते, दोन आत्या आणि त्या नाण्यापुरता माझा थोरला भाऊ, अशा पाच जणांची लेखी संमती घ्यावी लागेल. वडील लगेच सही करतील, कारण ते कशावरही करतात. चुलते ऐकू येत नसल्याचे सांगतील. धाकटी आत्या थोरलीला विचारायला सांगेल, आणि थोरली आत्या निळ्या परकराचा हक्क सोडणार नाही. भावाला नाण्याबद्दल अद्याप काहीही ठाऊक नाही. हे पत्र त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी, अन्यथा चार दशकांपूर्वीचे एक प्रकरण पुन्हा उघडेल.

दंडाबाबत माझे म्हणणे एवढेच, की दंड आकारण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने मंजूर करावा लागतो, आणि मागच्या सभेचे इतिवृत्त मी दोनदा वाचले तरी त्यात गोधडी, वाकळ, पोते किंवा पोतेसदृश असा कोणताही उल्लेख मला आढळला नाही. चहा-बिस्किटांच्या खर्चावर मात्र दीड पान आहे. तरीही वाद नको म्हणून मी पुढीलप्रमाणे तडजोड सुचवितो. वर्षातून दोनच दिवस, एक घटस्थापनेच्या आधीचा रविवार आणि दुसरा होळीनंतर ती ठेवणीत टाकण्यापूर्वीचा, मला सकाळी साडेआठ ते बारा या वेळेत गच्चीची किल्ली मिळावी. सौरबंबाच्या नळ्यांपासून मी दहा फूट दूर राहीन आणि काठीने झोडपण्याचे काम खाली गाड्या नसलेल्या बाजूस करीन. किल्ली देणे शक्य नसल्यास त्या दोन दिवशी गोधडी कठड्यावरच राहील. मात्र मैद्याचा कोपरा आतल्या बाजूस दुमडून इरकलीचा पदर रस्त्याच्या बाजूस ठेवण्याची हमी मी देतो. फलकावरच्या सूचनेत ‘पोतेसदृश वस्तू’ हे शब्द खोडून तेथे ‘गोधडी’ असे लिहावे. लाल बाण राहू दिला, तरी माझी हरकत नाही.

कळावे, लोभ आहे तो असावा.

आपला,
ब इमारत, तिसरा मजला, बाणाच्या टोकाशी राहणारा सभासद

ता. क.: आपली सूचना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माननीय अध्यक्षांच्या मातोश्री जिना चढून आमच्याकडे आल्या. फलकावरच्या छायाचित्रात बाणाच्या टोकापाशी एक टाका सुटलेला त्यांना दिसला होता, आणि तो तसाच राहिला, तर पुढची सगळी ओळ उसवेल, असे त्यांचे म्हणणे पडले. सुई-दोरा त्या घरून घेऊनच आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून, गोधडी मांडीवर घेऊन त्यांनी तासाभरात ती ओळ पुरी केली, ‘आमच्याकडं याहून बारीक घालतात’ असा शेरा मारला, चहा घेतला, आणि गेल्या. नंतर पाहिले, तर त्यांची सुई त्यांच्याकडे नव्हती आणि आमच्या घरातही नव्हती. तरी जप्तीची कारवाई झालीच, तर सुरक्षारक्षकाने गोधडी सावकाश उचलावी, कारण ती सुई अद्याप सापडलेली नाही.